सातव्या टाकीचा प्लग

आमच्या प्रयोगशाळेत आतून कडी लागेल अशी एकच खोली होती, आणि ती माशांची होती. हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. सबबी स्वतःला भरपूर सांगून झाल्या आहेत. त्या मला इतक्या पाठ झाल्यात की आता माझ्याच्याने ऐकवत नाहीत.

ठकी पाच महिन्यांची झाली तेव्हा मी कामावर परतले. ठकी म्हणजे माझी मुलगी. खरं नाव मोठं सुरेख ठेवलंय, पण लाकडी बाहुलीसारखी टकामका बघत बसायची म्हणून सासूबाई ठकी म्हणायला लागल्या आणि तेच चिकटलं. माझं काम संशोधन सहायकाचं. आमच्या मॅडमचा सगळा अभ्यास एकाच प्रश्नाभोवती फिरतो: भोवतालची परिस्थिती बदलली की प्राणी तिच्याशी जुळवून कसे घेतात, आणि ती ताकद आईबापांकडून पिल्लांत उतरते का. त्यासाठी त्या खोलीत भिंतीला लागून बारा काचेच्या टाक्या होत्या. प्रत्येकीत बोटाच्या पेराएवढे वीस मासे, वीसही एकाच जोडीची पिल्लं. बारा टाक्या, बारा कुटुंबं. दर सोमवारी पाणी अर्ध्या अंशाने वाढवायचं. सोळा आठवड्यांत सव्वीसवरून चौतीसवर न्यायचं. सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला तापमान बघायचं, जिवंत मासे मोजायचे आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. ते लिहायचं काम माझं.

प्रयोग मात्र बगळ्याचा, मी परतले त्याच सोमवारी सुरू झालेला. बगळा म्हणजे मॅडमचा पीएचडीचा विद्यार्थी. पाचवं वर्ष चालू होतं त्याचं, आणि हा प्रयोग फसला तर सहावं लागणार होतं. उंच, लुकडा, टाकीसमोर एका पायावर भार टाकून तासभर हलायचा नाही, म्हणून बगळा. त्याला ते ठाऊक होतं. "बगळा म्हणा खुशाल, पण मी मासे मोजून परत ठेवतो," म्हणायचा. मला तो वहीबाई म्हणायचा. कारण रजिस्टरखेरीज माझ्या पर्समध्ये स्वतःची एक निळी वही असायची आणि तिच्यात ठकीचं सगळं असायचं: कधी प्यायली, किती झोपली, किती वेळा शिंकली.

"शिंका कशाला लिहितेस गं?" त्याने एकदा विचारलं होतं.

"डॉक्टरांनी विचारलं तर?"

"डॉक्टर घाबरून पळून जातील."

पहिल्याच दिवशी मी मॅडमना विचारलं होतं की दूध काढायला कुठे बसू. त्या संगणकातून मान वर न काढता म्हणाल्या, "बघू." मग मीच बघितलं. बाथरूममध्ये प्लग नव्हता. बैठकीच्या खोलीला काचेची भिंत. राहिली माशांची खोली. कोपऱ्यात, सातव्या टाकीशेजारी, एक खुर्ची मावायची. दूध काढायच्या पंपाची वायर आखूड. बारा हीटर, बारा प्लग, तेरावा नाही. मी सातव्या टाकीच्या हीटरचा प्लग काढला आणि पंपाचा लावला. वीस मिनिटांनी काय होतंय, म्हटलं. पाणी म्हणजे काय कपातला चहा आहे लगेच गार व्हायला!

सकाळी अकराला आणि दुपारी अडीचला. घर्र-फुस, घर्र-फुस. बाहेर मावशी फरशी पुसायच्या. कुणी दाराकडे आलं की त्यांचा आवाज यायचा, "आत वहिनी आहेत. नंतर या." लाजेने माझे कान तापायचे, पण मनातून बरंही वाटायचं. काढलेलं दूध नमुन्यांच्या बर्फाच्या डब्यात ठेवायचं, डब्यावर ठळक चिठ्ठी: 'मासे. हात लावू नये.' मग निळ्या वहीत लिहायचं. अकरा पाच ते अकरा पंचवीस, नव्वद मिली. काम संपलं की हीटरचा प्लग परत लावायचा. तो मी एकदाही विसरले नाही. वेंधळी मी नव्हतेच. वेंधळी असते तर पहिल्या आठवड्यातच पकडली गेले असते.

आकडे उतरायला लागले. नव्वदचे सत्तर, सत्तरचे चाळीस. तेवढ्यासाठीही जास्त वेळ बसावं लागायचं. आधी अर्धा तास, मग पाऊण. मेथीपासून गोळ्यांपर्यंत सगळं करून झालं. नवव्या आठवड्यात वहीत पहिल्यांदा शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "होतं असं. आता पावडरचं द्या, जिवाला लावून घेऊ नका."

पावडर मी दिली. फक्त कुणाला सांगितलं नाही. प्रयोगशाळेतल्या किटलीत पाणी गरम करून बाटली भरायची आणि बर्फाच्या डब्यातून घरी न्यायची. सासूबाई ती ठकीच्या तोंडाला लावत म्हणायच्या, "बघ कशी ओढतेय. आईच्या दुधाची सर कशाला येत नाही बाई." मी आत जाऊन कपडे बदलायची.

आणि कडी लावणं थांबवलं नाही. हेच ते, जे सांगायला जीभ उचलत नव्हती. रोज अकराला आणि अडीचला मी आत जायची, सातव्या टाकीचा प्लग काढायची, पंप लावायची आणि तो मांडीवर रिकामा चालू ठेवून भिंतीला डोकं टेकायची. तो आवाज चालू असला की दार कुणी वाजवायचं नाही. दिवसाच्या चोवीस तासांत तेवढाच पाऊण तास मला कुणी हाक मारत नव्हतं, मुलगी नाही, नवरा नाही, मॅडम नाहीत. कधी डोळा लागायचा. कधी नुसती माशांकडे बघत बसायची. निळ्या वहीत तरीही लिहायचीच. अकरा पाच ते अकरा पन्नास, शून्य. सवय.

दहाव्या आठवड्यात, पाणी एकतीसवर गेल्यावर, मासे मरायला लागले. तिसऱ्या टाकीतले चार, नवव्यातले सहा. बगळा सकाळी जाळी घेऊन मेलेले मासे काढायचा आणि तोंडातल्या तोंडात त्यांना सॉरी म्हणायचा. सातव्या टाकीत वीसच्या वीस मासे मजेत. "ही बघ, ही बघ!" तो मला ओढत न्यायचा. "काय खाऊन आली होती यांची आई?"

तेराव्या आठवड्यात ठकीला लस टोचायला न्यायचं होतं. बगळा म्हणाला, पाचचं तापमान आज सव्वातीनलाच घे आणि पळ. मी पंप बंद केला, थर्मामीटर घेतला आणि एकेक टाकी बघत गेले. साडेबत्तीस. साडेबत्तीस. साडेबत्तीस. सातवीत एकतीस.

मी थर्मामीटर झटकला. पुसला. पुन्हा बुडवला. एकतीस. वरून एसीचा झोत थेट त्या कोपऱ्यात येत होता, तेही मला त्याच क्षणी पहिल्यांदा दिसलं. खाली जमिनीवर हीटरचा प्लग पडलेला होता. दिवसातून दोनदा, रोज, तेरा आठवडे.

मी काय केलं? प्लग लावला आणि खुर्चीत बसले. पारा हळूहळू चढला. घरून दोन फोन येऊन गेले. साडेबत्तीसला टेकला तेव्हा मी रजिस्टरमध्ये साडेबत्तीस लिहिलं, सुवाच्य अक्षरात, आणि लस टोचायला गेले. ठकी सुई टोचल्यावर आधी नुसती माझ्याकडे बघत राहिली, रडली नंतर. मला वाटलं, हिला कळलंय.

त्या दिवसापर्यंत ती चूक होती. दुसऱ्या दिवशी अकराला मी आत गेले, आज प्लग काढायचा नाही असं ठरवून गेले. सातव्या टाकीतले दोन मासे पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि माझा हात खाली गेला. माशांची दया आली, की आता हे मेले तर सगळं उघडं पडेल ही भीती वाटली, की मला फक्त बसायचं होतं? खूप विचार केलाय यावर. तिन्हीतलं कुठलंही निवडलं तरी मान वर होत नाही. पुढचे तीन आठवडेही मी रोज प्लग काढत राहिले.

सोळाव्या आठवड्याच्या शेवटी अकरा टाक्या रिकाम्या होत्या. सातवीत सतरा मासे.

बगळा नाचला. खरोखर नाचला, हात पसरून, आणि बगळा नाचताना कसा दिसतो ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. सातव्या कुटुंबाची मादी वेगळ्या भांड्यात होती. तो रोज सकाळी तिच्यापुढे वाकून "काय आईसाहेब" म्हणायला लागला. "बाप काही कामाचा नाही," तो मॅडमना समजावत होता, "त्याचीच, दुसऱ्या मादीपासूनची पिल्लं चौथ्या टाकीतही होती, सगळी गेली. म्हणजे हा गुण आईचा. सगळं आईचं!" मी रजिस्टरवर मान घालून बसले होते.

शोधनिबंध झरझर लिहून झाला. शुक्रवारी पाठवायचा ठरला. बुधवारी मॅडमनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "तुझं नाव तिसरं घालतेय. इतकी वर्षं काम करतेय, पण असं रजिस्टर पाहिलं नाही मी. सोळा आठवड्यांत एकही रकाना रिकामा नाही."

त्या रात्री जेवण गेलं नाही. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "माझं नाव छापून येणार आहे." तो म्हणाला, "मग तोंड असं का?" आणि ठकीला उचलून नाचवत गाऊ लागला, "आमची आई शास्त्रज्ञ, आमची आई शास्त्रज्ञ!" ठकी खिदळत होती. मला कुठे तोंड लपवावं कळेना, म्हणून मी भांडी घासायला घेतली.

गुरुवारी सकाळी मी मॅडमच्या खोलीत गेले. बगळाही तिथेच होता, निबंधाच्या शेवटच्या पानावर वाकलेला.

"सातव्या टाकीचा हीटर मधेमधे बंद असायचा," मी म्हटलं.

दोघांनी वर पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे? बिघडला होता?"

"मी बंद करायचे. दूध काढायला बसायचे तिथे. पंपाला दुसरा प्लग नव्हता."

बगळा पांढराफटक पडला, नावासारखा. "किती वेळ?"

"वीस मिनिटं. दोनदा."

"रोज? शेवटपर्यंत?"

इथे मला शेवटपर्यंत म्हणायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण मग तो विचारणार, पंप इतके दिवस? आणि मॅडम विचारणार, बाळ अजून घेतंय वाटतं? आणि मग रिकामा पंप, भिंतीला टेकलेलं डोकं, पावडर, सगळं त्या टेबलावर मांडावं लागणार. मी म्हटलं, "नाही. पहिले आठ आठवडे. मग दूध बंद झालं."

ते खरंही होतं. दूध बंद झालंच होतं. ताकाला गेले आणि भांडं लपवून उभी राहिले, तशी गत.

बगळ्याने आलेख पुढे ओढला, बोट फिरवलं आणि मोठा सुस्कारा सोडला. "अगं, घाबरवलंस की! आठव्या आठवड्यापर्यंत तर बाराही टाक्या मजेत होत्या. मरायला लागले दहाव्यापासून. तोपर्यंत तुझं बंद झालं होतं. काही फरक पडत नाही, मॅडम. तळटीप टाकू."

"तळटीप टाकूच," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, जरा मऊ आवाजात, "सांगितलंस ते बरं केलंस. सगळ्यांना जमत नाही."

मी बाहेर आले. सुटले होते. वर प्रामाणिकपणाची शाबासकीही मिळाली होती. व्हरांड्यात मावशी बादली टेकवून बसल्या होत्या. दार उघडंच होतं, त्यांनी ऐकलं असणार.

"वहिनी, बसा जरा," त्या म्हणाल्या. "रंग उडालाय तुमचा."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. थोड्या वेळाने त्या फडकं पिळत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पंपाचा आवाज बदलला होता, तेव्हाच कळलं मला. भरल्याचा आवाज वेगळा असतो, रिकाम्याचा वेगळा."

"कधी?"

"झाले की दोन-अडीच महिने."

"तरी तुम्ही लोकांना दारातून परत पाठवत होता?"

"मग काय करू? म्हटलं, बसू दे बापडीला. माझी पोरं लहान होती तेव्हा मी कोळसे ठेवायच्या खोलीत जाऊन बसायची. सासू विचारायची, कोळसे आणायला एवढा वेळ? मी म्हणायची, मोजून आणते." त्या हसल्या. "यात मासे मरतात का जगतात, ते मला काय ठाऊक? तुम्हाला ठाऊक."

तुम्हाला ठाऊक, हे त्या साधेपणाने बोलल्या, शिकलेल्या बाईला म्हणावं तसं. एरवी कुणी चिडून, ओरडून बोललं असतं तर मी कदाचित उलट बोलले असते. मी उठले, पर्समधून निळी वही काढली आणि परत आत गेले.

बगळा तळटीप लिहीत होता. मी वही त्याच्या पुढ्यात, नेमक्या पानावर उघडून ठेवली. "आठ आठवडे नाही. सोळा. वेळा यात आहेत."

त्याने पान वाचलं. उलटलं. त्याचे ओठ हलत होते, मेलेले मासे काढताना हलायचे तसे. "अकरा पाच ते अकरा पन्नास," तो म्हणाला. "ही पंचेचाळीस मिनिटं आहेत. तू वीस म्हणालीस." पुढचं पान. "आणि हे शून्य शून्य काय आहे?"

"मिली."

"शून्य मिलीला पंचेचाळीस मिनिटं?"

मी मॅडमकडे बघितलं नाही. टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे बघून बोलले. "दूध नव्हतं. पंप नुसता चालू ठेवायचे. आवाज असला की कुणी येत नाही. मी बसायचे. कधी झोपायचे. आणि तेराव्या आठवड्यात मला कळलं होतं. एकतीस दिसलं होतं, मी थांबून साडेबत्तीस लिहिलं. त्यानंतरही काढतच राहिले प्लग."

बगळ्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

"म्हणजे माझ्या आईसाहेबांत काहीच नव्हतं," तो म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. "साधीच मासळी होती ती. पिल्लांना नुसतं दिवसातून दोनदा गार वाटत होतं." मग एकदम आवाज चढला. "एकदा सांगायचंस गं! तेराव्या आठवड्यात सांगितलं असतंस तर तीन आठवडे तरी वाचले असते माझे! मी नाचलो, सगळ्यांसमोर नाचलो मी!"

"हो."

"हो काय म्हणतेस!"

मॅडमनी हात वर केला. वही ओढून घेतली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. मला वाटलं, आता शिंकांपर्यंत पोचल्या असतील. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "एक खोली मागता आली नाही तुला?"

मग त्याच म्हणाल्या, "मागितली होतीस, नाही का."

"हो."

"मी काय म्हणाले होते?"

"बघू."

त्यांनी चष्मा परत लावला. आवाज पहिल्यासारखा कोरडा झाला. "उद्या काही पाठवायचं नाही. निबंधातून तुझं नाव जाईल. निबंधच राहत नाही म्हणा. रजिस्टर उद्यापासून तू लिहायचं नाहीस. आणि या वहीतल्या सगळ्या तारखा, सगळ्या वेळा टाइप करून मला आजच्या आज हव्यात. पुढचा प्रयोग याच्यावरूनच बांधावा लागेल. मधे गारवा मिळाला की मासे टिकतात, इतकं तरी तुझ्या वेळा खऱ्या असतील तर दिसेल." जरा थांबून, "वेळा खऱ्या आहेत ना?"

हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारला. आणि तो विचारायचा हक्क त्यांना होता.

"या वहीतल्या खऱ्या आहेत," मी म्हटलं.

सासूबाईंना पावडरचं अजून सांगितलेलं नाही. एका आठवड्यात माणसाने किती खरं बोलावं, यालाही काही मर्यादा असेल. पण ती बाटली हल्ली मी त्यांच्या हातात देत नाही, टेबलावर ठेवते.

त्या गुरुवारी दुपारी मी संगणकापुढे बसले. एकटीने वाचून टाइप करताना चुका व्हायच्या, म्हणून मॅडमनी बगळ्याला शेजारी बसवलं. त्याने वाचायचं, मी लिहायचं. त्याची खुर्ची माझ्यापासून हातभर लांब होती, तोंड खिडकीकडे. तारीख, सुरुवात, शेवट, तारीख, सुरुवात, शेवट. मिलीचा रकाना तो गाळत होता. पहिले आठ आठवडे असेच गेले. नवव्यावर तो अडखळला.

"पुढचा आकडा नकोय ना?" त्याने खिडकीकडे बघतच विचारलं.

नको म्हटलं असतं तर चाललं असतं. मॅडमनी वेळाच मागितल्या होत्या.

"घे," मी म्हटलं. "रकाना रिकामा नको."

तो खाली वाकला आणि दाराकडे एक नजर टाकून, व्हरांड्यात कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने पुटपुटला, "शून्य."

"जरा मोठ्याने," मी म्हटलं. "ऐकू येत नाही."

"शून्य," तो म्हणाला.

मी लिहिलं.